जिमी कार्टर, महागाई आणि ग्राहकांचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभरी पार करून गेले. माणूस सज्जन, पण महागाईने घात केला, असा एक ठरलेला शेरा त्यांच्या नावापुढे असतो. राष्ट्राध्यक्ष असताना, १९७७ ते १९८१ या काळात, त्यांनी महागाईबद्दल आणि लोकांच्या खर्चाबद्दल जे म्हटलं आणि केलं, त्यातलं आज काय टिकतं याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, किचकट नंतर.

१. त्यांच्या काळात महागाई नेमकी किती होती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

ग्राहक किंमत निर्देशांकाची वर्षाची सरासरी वाढ १९७७ साली ६.५ टक्के, १९७८ साली ७.६, १९७९ साली ११.३ आणि १९८० साली १३.५ टक्के होती. आकडे वेगळे दिसतात कारण मोजण्याच्या तऱ्हा वेगळ्या. डिसेंबरची तुलना आधीच्या डिसेंबरशी केली तर १९७९चा आकडा १३.३ टक्के येतो आणि १९८०चा १२.५. म्हणजे एका मोजणीत १९८० जास्त वाईट, दुसरीत १९७९. दोन्ही बरोबर आहेत; एकाच वाक्यात दोन्हींची सरमिसळ केली की घोळ होतो. बारा महिन्यांच्या हिशेबात कळस आला मार्च १९८० मध्ये, १४.८ टक्क्यांवर. कार्टर आले तेव्हा हाच दर पाचच्या थोडा वर होता आणि गेले तेव्हा बाराच्या थोडा खाली.

२. थोडक्यात सांगा: त्यांचं बरोबर होतं की चूक?

तेलावरचं अवलंबित्व, तुटीचा अर्थसंकल्प आणि 'महागाई उतरवायची तर थोडं सोसावं लागेल' हे मुद्दे बरोबर होते. लोक उधारीवर फार खर्च करतात म्हणून महागाई वाढते, हे मात्र उलटं निदान होतं. तो खर्च बहुतांशी महागाईचा परिणाम होता, कारण नव्हे (हिशेब प्रश्न ५ मध्ये). आणि निदान उलटं असल्यामुळे मार्च १९८०चा उपायही फसला (प्रश्न ९ आणि १०).

३. ही महागाई त्यांनीच आणली ना?

नाही. पण हातभार लावला. महागाईची सुरुवात १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली: व्हिएतनाम युद्धाचा खर्च, तो भागवायला वेळेवर न वाढवलेले कर आणि ढिलं पतधोरण. १९७१ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पगार आणि किमती गोठवल्या. झाकण उघडलं तेव्हा दबलेली वाढ बाहेर आली. १९७३–७४ मध्ये तेल आणि धान्य दोन्ही भडकले. कार्टर यांच्या हाती गाडी आली तेव्हा महागाईची सवय समाजात मुरली होती.

त्यांच्या स्वतःच्या खात्यावर तीन-चार गोष्टी पडतात. किमान वेतन २.३० डॉलरवरून १९७८ साली २.६५ वर गेलं आणि १९८१ पर्यंत टप्प्याटप्प्याने ३.३५ वर न्यायचं ठरलं. सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेसाठी पगारावरचा कर वाढला. दोन्हींची सामाजिक कारणं रास्त असतील, पण उत्पादकाचा खर्च वाढला आणि तो किमतीत उतरला. १९७८ साली डॉलर घसरू दिला; १ नोव्हेंबरला बचावाची योजना आणावी लागली आणि फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, आपला डिस्काउंट रेट (बँकांना उसने देण्याचा दर) एका झटक्यात एक टक्क्याने वाढवून ९.५ वर नेला. सगळ्यांत महाग पडली ती मार्च १९७८ मध्ये फेडच्या अध्यक्षपदी झालेली विल्यम मिलर यांची नेमणूक. मिलर उद्योगातून आलेले. व्याजदर महागाईच्या मागे फरफटत राहिले. त्यात १९७९च्या सुरुवातीला इराणमध्ये क्रांती झाली आणि तेलाचा पिंपामागे भाव वर्षभरात दुपटीहून वर गेला. एवढं सगळं एका माणसाच्या नावावर घालणं अन्याय आहे. पण 'तेलामुळे झालं' एवढंच म्हणणं ही पळवाट आहे, कारण महागाई तेलाच्या आधीच नऊ टक्क्यांवर होती.

४. ग्राहकांच्या खर्चाबद्दल ते नक्की काय म्हणाले होते?

चार वेळा, चार सुरांत.

फेब्रुवारी १९७७, स्वेटर घालून केलेलं दूरचित्रवाणी भाषण: घरातलं तापमान दिवसा ६५ अंश फॅरनहाइट आणि रात्री ५५ ठेवा, इंधन वाचेल. ही निव्वळ काटकसर होती.

२४ ऑक्टोबर १९७८: देशाला काही काळ चणचणीत काढावा लागेल. इथे काटकसर महागाईशी जोडली गेली आणि सोबत पगार-किमतींची ऐच्छिक मर्यादा आली (प्रश्न ७).

१५ जुलै १९७९, 'आत्मविश्वासाचं संकट' या नावाने ओळखलं जाणारं भाषण: आपल्यातले खूप जण आता चैन आणि उपभोग यांची पूजा करू लागले आहेत, माणसाची ओळख तो काय करतो यावरून नव्हे, त्याच्याकडे काय आहे यावरून ठरू लागली आहे. इथे काटकसर ही नीतीची गोष्ट झाली.

१४ मार्च १९८०: उधारीवरच्या खर्चातून महागाईला खतपाणी मिळतं, ग्राहकांनी डोक्यावर फार कर्ज केलं आहे, बचतीचा दर पंचवीस वर्षांहून अधिक काळातला नीचांक आहे. आता नीती सरकारी हुकमात उतरली.

या चार पायऱ्या नीट पाहा. पहिल्या पायरीवर बोललेलं आजही पटतं. शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत 'इंधन जपून वापरा'चं 'कर्ज काढणारे दोषी' असं झालं होतं.

५. पण लोक खरंच बेफाम खर्च करत नव्हते का?

लोक हिशेबी होते. आकडे घालून बघा.

१९७८च्या डिसेंबरात एका कुटुंबाने १,००० डॉलर बँकेच्या बचत खात्यात ठेवले. व्याजावर सरकारी कमाल मर्यादा होती (नियमाचं नाव 'रेग्युलेशन क्यू'), सव्वापाच टक्के धरू. वर्षाने झाले १,०५२.५०. व्याजावर २५ टक्के आयकर धरला तर हातात राहिले सुमारे १,०३९. तेवढ्या वर्षात १,००० डॉलरची खरेदी १,१३३ ची झाली. म्हणजे शहाण्यासारखी बचत करणारा सुमारे ९४ डॉलरने बुडाला.

शेजाऱ्याने १२ टक्क्यांनी गाडीचं कर्ज काढलं. त्या काळी गाडी, कार्ड अशा ग्राहककर्जांवरचं सगळं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करता यायचं (ही सवलत १९८६च्या कर सुधारणेने काढली). वजावट घेणाऱ्याला २५ टक्क्यांच्या टप्प्यात खरं व्याज पडलं ९ टक्के. महागाई १३.३. कर्ज काढणाऱ्याला वर्षाला चार टक्के जणू बक्षीस मिळत होतं. क्रेडिट कार्डाचं १८ टक्के व्याजसुद्धा याच हिशेबाने १३.५ टक्के, म्हणजे महागाईच्या बरोबरीने, जवळपास फुकट.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला: हे गणित प्रत्येक वस्तूला लागू नव्हतं. दूरचित्रवाणी संचाच्या किमती त्या दशकात फारशा हलल्याच नाहीत. 'आत्ता नाही घेतला तर महागेल' म्हणून टीव्ही घेणारा फसला. खरा फायदा घरात होता: नव्या घराची मध्यम किंमत १९७७ साली ४८,८०० डॉलर होती, १९८० साली ६४,६००. दुसरा: मोठ्या बचतदाराला बाजारभावाचं व्याज मिळत होतं. सहा महिन्यांची सरकारी ट्रेझरी बिलं किंवा त्यांच्याशी जोडलेली बँकेची ठेव घ्यायला किमान १०,००० डॉलर लागत. मर्यादेत अडकला तो छोटा बचतदार, आणि ज्याला कर्जबाजारी म्हणून बोल लावला गेला तोही बहुधा हाच.

६. बचतीचा दर खरंच पंचवीस वर्षांतला नीचांक होता?

त्या दिवशी समोर असलेल्या आकड्यांप्रमाणे, हो. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे पुढे कितीतरी वर्षं दुरुस्त होत राहतात, आणि बचत म्हणजे उत्पन्न वजा खर्च. दोन मोठ्या आकड्यांतला छोटा फरक. त्यामुळे दुरुस्तीचा सगळ्यांत मोठा फटका तिलाच बसतो. सुधारित मालिकेत १९७९–८०चा दर दहा टक्क्यांच्या आसपास दिसतो. २००५ साली तो तीनच्या जवळपास होता. म्हणजे ज्या पिढीला उधळी म्हटलं, ती नातवंडांच्या मानाने काटकसरी निघाली.

मात्र कार्टर यांच्या बाजूने एक तांत्रिक मुद्दा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. महागाई जास्त असताना व्याजाचं उत्पन्न फुगलेलं दिसतं. त्यातला बराच भाग मुद्दलाची झीज भरून काढण्यापुरता असतो. तो वगळला तर त्या काळची खरी बचत छापील दरापेक्षा बरीच खाली येते. त्यांचा आकडा चुकला, पण घरं आतून पोखरली जात आहेत ही जाणीव चुकली नव्हती.

७. १९७८ची पगार-किमतींची मर्यादा प्रत्यक्षात कशी चालायची?

पगार आणि इतर लाभ मिळून वर्षाला ७ टक्क्यांहून जास्त वाढ द्यायची नाही. कंपनीने आपल्या किमती १९७६–७७ मधल्या स्वतःच्या सरासरी वाढीपेक्षा अर्धा टक्का कमी दराने वाढवायच्या. कच्चा माल महागल्यामुळे हे जमत नसेल तर नफ्याच्या टक्केवारीची पर्यायी कसोटी होती. देखरेख 'कौन्सिल ऑन वेज अँड प्राइस स्टॅबिलिटी'कडे, आणि त्यावर अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान. नावाला ऐच्छिक, पण न पाळणाऱ्याला ५० लाख डॉलरवरचं सरकारी कंत्राट नाही, अशी चाप होती.

कामगारांना राजी करायला 'खऱ्या वेतनाचा विमा' सुचवला होता: तुम्ही ७ टक्क्यांवर थांबलात आणि महागाई त्याहून वर गेली, तर फरक कर सवलतीतून मिळेल. महागाई ९ टक्के झाली तर १५,००० डॉलर पगारावर ३०० डॉलर. कल्पना चांगली होती. महागाई भडकली तर तिजोरीला किती खड्डा पडेल या धास्तीने काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती मंजूर केली नाही, आणि मग कामगाराने सात टक्क्यांवर का थांबावं याला उत्तर उरलं नाही.

शिवाय शेतमाल, आयातीचं तेल, व्याज आणि घरं ही चार कलमं सूत्राबाहेर होती. १९७९ साली नेमकी तीच भडकली.

कान मोकळेढाकळे गृहस्थ. 'मंदी येईल' असं उघड बोलल्याबद्दल त्यांना व्हाइट हाउसकडून समज मिळाली, तेव्हा ते मंदीला 'केळं' म्हणू लागले. केळी विकणाऱ्या कंपनीने तक्रार केल्यावर त्यांनी फळ बदललं.

८. जुलै १९७९च्या भाषणानंतर लोक चिडले, असं वाचलंय. खरं आहे का?

भाषणावर चिडले नाहीत. लगेचच्या चाचण्यांत लोकमत सुमारे अकरा अंकांनी सुधारलं आणि व्हाइट हाउसला पाठिंब्याची भरपूर पत्रं आली. दोन दिवसांनी कार्टर यांनी सगळ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले, पाच मंत्री गेले, आणि सरकारच कोसळतंय की काय असं चित्र उभं राहिलं. कमावलेलं तिथे गेलं. 'लोकांना उपदेश केला म्हणून हरले' ही गोष्ट निवडणुकीनंतर पक्की झाली. त्या भाषणातला ठोस भाग तर आता कुणाला आठवतही नाही: तेलाची आयात १९७७च्या पातळीवर, दिवसाला ८५ लाख पिंपांवर, रोखण्याची घोषणा त्यात होती.

९. मार्च १९८०ची कर्जबंधनं म्हणजे नक्की काय?

१९६९च्या 'क्रेडिट कंट्रोल अ‍ॅक्ट'खाली राष्ट्राध्यक्षांनी फेडला अधिकार दिले आणि फेडने नियम काढले. मुख्य कलमं अशी होती:

क्रेडिट कार्डं आणि विनातारण ग्राहककर्जं १४ मार्चच्या पातळीच्या वर गेली, तर वाढीच्या १५ टक्के रक्कम कर्जदात्याने फेडकडे बिनव्याजी ठेवायची. हाच नियम मनी मार्केट फंडांत (बाजारभावाचं व्याज देणारे अल्प मुदतीचे फंड) येणाऱ्या नव्या पैशालाही. घरकर्ज आणि गाडीचं कर्ज वगळलं होतं. बँकांनी एकूण कर्जवाटप वर्षात ६ ते ९ टक्क्यांत ठेवायचं, ही ऐच्छिक मर्यादा. मोठ्या बँका फेडकडे वारंवार हात पसरत असतील तर ३ टक्के जादा आकार.

ग्राहककर्जावरच्या पहिल्या कलमाचा बोजा काढून बघा: १०० डॉलर नवं कर्ज दिलं की १५ डॉलर बिनव्याजी अडकले. बँकेला पैसा १८ टक्क्यांना पडत असेल तर जादा खर्च २.७० डॉलर. फार नाही. म्हणूनच अधिकाऱ्यांना वाटलं की हा सौम्य इशारा आहे.

त्याच दिवशी आयात तेलावर पिंपामागे ४.६२ डॉलर शुल्क जाहीर झालं, म्हणजे पेट्रोल गॅलनमागे दहा सेंट महाग. ते न्यायालयाने मे महिन्यात अडवलं आणि जूनमध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडून रद्द केलं.

१०. एवढा सौम्य नियम, मग सगळं कोसळलं कसं?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर सविस्तर.

लोकांनी नियम वाचला नाही, भाषण ऐकलं. राष्ट्राध्यक्ष दूरचित्रवाणीवर सांगतात की उधारी देशाला बुडवते आहे. ऐकणाऱ्याचा समज झाला की कार्ड वापरणं आता बेकायदा नाही तरी देशद्रोहासारखं आहे. कापलेली क्रेडिट कार्डं लोकांनी खरोखर पत्राबरोबर व्हाइट हाउसला पाठवली. दुकानांनी उधारीचे अर्ज घेणं थांबवलं. गाडीचं कर्ज नियमाबाहेर असूनही तेही आटलं, कारण 'कर्ज' या गोष्टीलाच हात लावायला लोक कचरले.

बँकांचीही अडचण होती. अनेक राज्यांत कार्डाच्या व्याजावर कायद्याची कमाल मर्यादा होती. पैसा १८ टक्क्यांना घेऊन १८ लाच द्यायचा, वर २.७० चा भुर्दंड, आणि दर वाढवता येत नाही. मग त्यांनी नवी कार्डं बंद केली, दरमहा भरायची किमान रक्कम वाढवली, कित्येकांनी वार्षिक शुल्क लावलं. ते शुल्क पुढे बंधनं उठल्यावरही टिकलं.

परिणाम असा की १९८०च्या दुसऱ्या तिमाहीत अर्थव्यवस्था वार्षिक हिशेबाने सुमारे ८ टक्के दराने आकसली. खर्च कमी व्हावा अशी इच्छा होती. तो दरीत पडला.

पुढचा भाग जास्त नुकसानीचा, आणि तोच सहसा सुटतो. ऑक्टोबर १९७९ पासून फेड व्याजदराऐवजी पैशाच्या साठ्याकडे बघून धोरण आखत होतं. लोकांनी चालू खात्यातले पैसे काढून कर्जं फेडली. कर्ज फिटलं की तेवढी ठेव नाहीशी होते, म्हणून पैशाचा साठा एप्रिलमध्ये एकदम घटला. साठा लक्ष्याच्या खाली गेला म्हणून फेडने लगाम सोडला. एप्रिलमध्ये साडेसतरा टक्क्यांवर असलेला फेडचा मुख्य दर जुलैत नऊवर आला, महागाई अजून तेराच्या आसपास असताना. मे महिन्यात १५ टक्क्यांची ठेव साडेसातवर आणली, जुलैत बंधनं उठवली. मंदी जुलैतच संपली. लोक दुकानांत परतले, महागाईची अपेक्षा पुन्हा जागी झाली आणि डिसेंबरपर्यंत तोच दर एकोणीसच्या घरात न्यावा लागला. मधले सहा महिने आणि फेडची पत, दोन्ही फुकट गेलं.

मुख्य आर्थिक सल्लागार चार्ल्स शुल्झ आणि फेडचे अध्यक्ष पॉल व्होल्कर, दोघांनाही ही बंधनं मनापासून नको होती. अर्थसंकल्पातली काटछाट घडवून आणण्याच्या बदल्यात व्होल्कर तयार झाले. तज्ज्ञांचा सल्ला नव्हता म्हणून हे फसलं असं नाही. सल्ला होता, तो राजकारणापुढे मागे पडला.

११. पेट्रोल पंपांवरच्या रांगा तरी लोकांच्या साठेबाजीमुळेच ना?

थोड्या. १९७९च्या मेमध्ये कॅलिफोर्नियाने गाडीच्या नंबरातल्या शेवटच्या अंकावरून सम-विषम तारखा लावल्या, आणि पाव टाकी उरल्यावर पंपावर जाणारा माणूस पाऊण टाकी असतानाच रांगेत उभा राहू लागला. रांगेतल्या गाड्यांच्या टाक्यांत देशाचं बरंच पेट्रोल नुसतं फिरत होतं. पण मूळ दोष वाटपाच्या सरकारी नियमांत होता. कोणत्या भागाला किती पेट्रोल हे आधीच्या वापरावरून ठरे. टंचाईच्या भीतीने लोकांनी लांबच्या सहली रद्द केल्या. सहलीच्या ठिकाणी कोटा पडून राहिला आणि शहरात ठणठणाट. भाव मोकळे असते तर टँकर आपोआप शहराकडे वळले असते. कार्टर यांनीच १९७९ साली देशी कच्च्या तेलावरचं भावनियंत्रण टप्प्याटप्प्याने उठवायला घेतलं, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

१२. पगार वाढत होते, मग राग कशाचा?

आपल्याकडच्या महागाई भत्त्यासारखी सोय तिथे मोठ्या संघटनांच्या करारांत होती आणि सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनला १९७५ पासून आपोआप मिळत होती; जुलै १९८० मध्ये पेन्शन एकदम १४.३ टक्के वाढली. संघटना नसलेल्या नोकरदाराला असं काही नव्हतं. आणि ज्याचा पगार महागाईइतका वाढला तोही हरला, कारण आयकराचे टप्पे डॉलरमध्ये ठरलेले होते. पगार फक्त कागदावर वाढला तरी माणूस वरच्या टप्प्यात ढकलला जाई. हे टप्पे महागाईशी जोडण्याचा कायदा १९८१ साली झाला आणि १९८५ पासून लागू झाला.

१३. आपल्याकडे महागाईत लोक सोनं घेतात. तिथे काय झालं?

तेच. अमेरिकी नागरिकांना सोनं बाळगायची मोकळीक १९७४च्या शेवटच्या दिवसापासून मिळाली होती. २१ जानेवारी १९८० रोजी भाव औंसाला ८५० डॉलर झाला. त्या दिवशी घेणाऱ्याला १९८२च्या मध्यात सुमारे तीनशे मिळाले असते. महागाईपासून बचाव म्हणून सोनं चांगलं की वाईट हे कधी घेतलं यावर ठरतं. रांग लागल्यावर घेतलं तर वाईट.

१४. महागाई शेवटी व्होल्कर यांनी उतरवली. श्रेय कार्टर यांचं की रेगन यांचं?

व्होल्कर यांना ऑगस्ट १९७९ मध्ये कार्टर यांनी नेमलं, आणि ते कडक धोरण आणणार हे माहीत असताना नेमलं. ६ ऑक्टोबर १९७९ला धोरण बदललं. निवडणुकीचं वर्ष समोर असूनही कार्टर यांनी ते उलटवायचा प्रयत्न केला नाही. प्रचारात एकदा फेडवर जाहीर टीका केली, तेवढंच. १९८१–८२च्या खोल मंदीत, बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली तरी पाठराखण केली ती कार्टर यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी. महागाई १९८३ साली ३.२ टक्क्यांवर आली. दोघांना श्रेय आहे. किंमत मात्र एकानेच मतपेटीत मोजली. नोव्हेंबर १९८० मध्ये राज्यवार ठरणारी निर्वाचक मतं पडली रेगन यांना ४८९, कार्टर यांना ४९.

१५. आजच्या पद्धतीने मोजलं तर १९८०ची महागाई एवढी नव्हती, असं काही जण म्हणतात. हा आकड्यांचा खेळ आहे का?

खेळ नाही. तेव्हाच्या निर्देशांकात घराची किंमत आणि घरकर्जाचं व्याज थेट धरलं जाई. त्यामुळे फेडने महागाई रोखायला व्याज वाढवलं की छापील महागाई आणखी वाढे. १९८३ पासून त्याऐवजी 'हे घर भाड्याने दिलं तर किती येईल' हा अंदाज धरतात. ग्राहक खर्चाच्या वेगळ्या निर्देशांकात, ज्यात हे व्याज कधीच नव्हतं, १९८०ची वाढ ११ टक्क्यांच्या जवळपास दिसते. म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास फुगवटा. बंधनं आणायची घाई झाली ती जानेवारी-फेब्रुवारीच्या फुगलेल्या आकड्यांच्या धक्क्याने, त्यामुळे हा मुद्दा केवळ अभ्यासकांपुरता नाही.

एक सावधगिरी: २०२२च्या जूनमधल्या ९.१ टक्क्यांची तुलना १९८०च्या १४.८ शी सरळ करू नका. मोजपट्टी वेगळी आहे आणि खरं अंतर दिसतं त्यापेक्षा कमी आहे.

१६. मग २०२१–२२ म्हणजे कार्टर काळाची पुनरावृत्तीच होती?

तेलाचा भडका, राष्ट्राध्यक्षांवरचा राग आणि फेडचा उशीर, एवढं सारखं. फरक मोठे आहेत. पगार आपोआप महागाईशी जोडणारे करार आता थोडे आहेत. छोट्या बचतीच्या व्याजावरची मर्यादा गेली, आणि ती घालवायची सुरुवात ३१ मार्च १९८० रोजी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने झाली. मुख्य म्हणजे ही महागाई दहा वर्षं मुरलेली नव्हती. म्हणून फेडचा दर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेऊन भागलं, एकोणीसवर न्यावा लागला नाही.

१७. कर्जबंधनं भारतातही होती. इथे चालली, तिथे का नाही?

नाव सारखं, वस्तू वेगळी. रिझर्व्ह बँकेची निवडक पतनियंत्रणं १९५६ पासून होती आणि त्यांचा रोख व्यापाऱ्याच्या साठ्यावर होता: धान्य, तेलबिया, कापूस, साखर यांच्या तारणावर बँकेने किती कर्ज द्यायचं, मार्जिन किती ठेवायचं. टंचाईत साठेबाजाचा पैसा अडवायचा हा हेतू. घरगुती ग्राहकाचं कर्ज तेव्हा इथे नगण्यच होतं. ती 'चालली' असंही छातीठोकपणे म्हणू नये. १९७९–८० साली दुष्काळ आणि तेल यांनी मिळून घाऊक किमती सुमारे १७ टक्क्यांनी वाढवल्या, नियंत्रणं असतानाच.

१८. कार्टर यांच्या आई मुंबईत राहायच्या हे खरं का? त्याचा त्यांच्या मतांशी संबंध?

पहिलं खरं. लिलियन कार्टर साठीच्या उंबरठ्यावर नव्हे, ती ओलांडल्यावर 'पीस कोअर' या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून आल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीत परिचारिका म्हणून काम केलं. दुसऱ्याबद्दल तर्क लढवता येतील, पण १९७९च्या भाषणाची तयारी राष्ट्राध्यक्षांच्या कॅम्प डेव्हिड या विश्रामस्थानातल्या दहा दिवसांच्या बैठकांत आणि लोकमत चाचणीकार पॅट्रिक कॅडेल यांच्या टिपणांतून झाली. विक्रोळीचा धागा त्यात ओढूनताणून आणू नये.

१९. आजचा राष्ट्राध्यक्ष असं फर्मान पुन्हा काढू शकेल का?

त्या कायद्याखाली नाही. 'क्रेडिट कंट्रोल अ‍ॅक्ट'ची मुदत ३० जून १९८२ला संपली आणि काँग्रेसने ती वाढवली नाही. देशभर ग्राहककर्जाला अशी खीळ घालायची तर नवा कायदा लागेल.